परसबागेच्या फोटोत माय हवी



शाळांना सुट्ट्या लागल्या की मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरकडचे नोकरदार आपापल्या गावी जातात. लग्नसराई असते, आंबे असतात, म्हाताऱ्या माणसांची भेट असते. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे, त्यामुळे आठ दिवसांत शे-दोनशे फोटो सहज निघतात. नवरा-नवरीचे, वरातीचे, पंगतीचे, नव्या मोटारसायकलीचे आणि सगळ्यात जास्त स्वतःचे. शहरात परत आल्यावर हे फोटो एकदा निवांत पाहावेत. घराचा पुढचा ओटा दिसतो, दाराला दिलेला नवा रंग दिसतो. घराची मागची बाजू मात्र कुठेच दिसत नाही. जिथे सांडपाण्यावर अळू वाढते, कुडावर दोडक्याचा वेल चढलेला असतो, शेवग्याच्या बुंध्याशी फुटका माठ ठेवलेला असतो, ती जागा फोटो काढण्यासारखी आहे असे कुणाला वाटतच नाही.

या आठवड्यात मला एवढेच सांगायचे आहे, की या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ त्या मागच्या बाजूला द्या. परसबागेचे फोटो काढा, आणि ती बाग जिने वाढवली तिला त्या फोटोत घ्या. कुणी म्हणेल, हे हौशी लोकांचे काम आहे. मी कारकून माणूस आहे. ज्या गोष्टीची नोंद नसते ती कागदोपत्री घडलेलीच नसते, हे मी रोज टेबलावर पाहतो. म्हणून मला हा विषय नोंदीचा वाटतो.

अर्ध्या गुंठ्याचा हिशेब

कुणी परसबाग म्हणते, कुणी परसदार. सातारा-कोल्हापूरकडे परडे म्हणतात, विदर्भात सांदवाडी म्हणतात. नाव काहीही असो, जागा तीच. घराची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामधला दहा बाय पंधरा फुटांचा, फार तर अर्ध्या गुंठ्याचा तुकडा. ज्यांच्या नावावर गुंठाभरही शेत नाही अशा हजारो कुटुंबांना स्वतःच्या हाताखालची जमीन म्हणून माहीत असते ती एवढीच.

न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी ज्या बाजूला उतरते तिथे केळ, अळू, कर्दळ. त्यापलीकडे कढीपत्ता आणि गवती चहा. कुंपणाला शेवगा, पपई, लिंबू. मांडवावर दोडका, दुधी, कारले. फुटक्या घमेल्यात पुदिना आणि कोथिंबीर. दाराजवळ मोगरा, गुलबक्षी, कोरफड. ही मांडणी कुणी कागदावर आखलेली नसते, पण नीट पाहिले तर तिच्यात हिशेब असतो. जास्त पाणी पिणारी झाडे पाण्याच्या तोंडाशी, कमी पाण्यावर जगणारी लांब. पानांना कीड लागू नये म्हणून चुलीची राख. वेलावर सावली पडू नये म्हणून शेवग्याच्या फांद्या छाटलेल्या, आणि त्यातल्याच दोन फांद्या कुंपणात रोवलेल्या, कारण शेवगा फांदीपासून लागतो हे तिला ठाऊक असते. पुढच्या वर्षाचे बी राखेत घोळून, चिंधीत बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगलेले असते.

उन्हाळ्यात हा तुकडा हिरवा ठेवणे सोपे नाही. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी, विहिरीने तळ गाठलेला. पिण्याचे पाणी बागेला देता येत नाही. म्हणून प्रत्येक पाणी दोनदा वापरायचे. तांदूळ धुतलेले पाणी मोगऱ्याला, भाजी धुतलेले कढीपत्त्याला, आंघोळीचे केळीला. हे नियोजन शिकण्यासाठी आपल्या आया कुठल्या शिबिराला गेल्या नव्हत्या.

आता वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून थोडा जमाखर्च मांडतो. समजा, या बागेतून घरात रोज वीस रुपयांची भाजी, शेंगा, लिंबू, मिरची येते. आजच्या बाजारभावाने हा आकडा मुळीच जास्त नाही. वर्षाचे ७,३०० रुपये झाले. एका बाईने अशी बाग चाळीस वर्षे सांभाळली तर आजच्या भावाने २,९२,००० रुपये होतात. हे पैसे कुठल्याही वहीत जमा बाजूला दिसत नाहीत, कारण ते कुणी तिच्या हातावर ठेवलेच नाहीत. पण वाचलेला खर्च हीसुद्धा मिळकतच असते. घराच्या ताळेबंदात ती मांडायची राहून जाते, आणि मग घरातलीच माणसे म्हणतात, आमची आई काही करत नाही, घरीच असते.

कुठल्या दप्तरात तिचे नाव?

शेताला सातबारा असतो. त्यातल्या नमुना बारामध्ये पिकांची नोंद होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाईलवर आपल्या पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद स्वतःच पाठवायची, अशी ती पद्धत. म्हणजे पिकाचा फोटो हा पुरावा आहे हे शासनानेही मान्य केले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मग परसातल्या दोडक्याची पीक पाहणी कोण करणार?

ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराचे मोजमाप असते, भिंत मातीची की विटांची ते असते, घरपट्टी किती ते असते. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने वरून फोटो घेऊन गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाला मालमत्तेचे पत्रक मिळते. ज्यांच्याकडे राहत्या जागेचा कागद कधीच नव्हता, त्यांनी हे पत्रक जरूर मिळवावे. त्यावर घरातल्या बाईचे नाव लागेल का, याचीही चौकशी करावी. पण आकाशातून काढलेल्या त्या फोटोत छप्पर दिसते, हद्द दिसते. संध्याकाळी बादली घेऊन केळीच्या आळ्याशी वाकलेली बाई त्यात दिसत नाही.

अशा बाईच्या कामाची दखल घ्यायची ठरवली तर घेता येते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी घराभोवती परसबाग केली, गावरान वाणांचे बी जपले, इतर बायांना दिले. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक बाईला पद्मश्री मिळणार नाही, मिळण्याची गरजही नाही. पण राहीबाई जे ज्ञान जपतात त्यातले थोडेफार आपल्याही घरामागे आहे, एवढे तरी आपण ओळखले पाहिजे.

न ओळखल्याने काय होते ते सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याची आई दोन वर्षांपूर्वी गावी वारली. तिच्या बागेतले अळू आणि शेवग्याच्या शेंगा आम्ही त्याच्या डब्यात कितीदा खाल्ल्या असतील. पुण्यानुमोदनासाठी तसबीर हवी म्हणून घरात शोधाशोध झाली. लग्नसमारंभांतल्या घोळक्यात कुठे अर्धा चेहरा, कुठे नुसता पदर. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून चौकटीत घातला. डोळे ताणलेले, मान आखडलेली, मागे पांढरा पडदा. मुलगा म्हणाला, "आई अशी कधी कुणाकडे बघत नव्हती हो."

पुढच्या दोन उन्हाळ्यांत बाग गेली. सुनेला दोष देता येणार नाही, ती रोजगाराला जाते, पाणी भरायला तिला सकाळचा एक तास मिळतो. मग घरकुलाचे काम निघाले आणि मांडवाच्या जागी वाळू-विटा पडल्या. पक्के घर हवेच होते. पण म्हातारी जो आखूड, जाड सालीचा दोडका लावत असे त्याचे बी आता कुणाकडे नाही, आणि तो दिसत कसा होता हे दाखवायला फोटोही नाही.

आपले फोटो आजवर कुणी काढले?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. युरोपात ही कला जाहीर झाली १८३९ मध्ये, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत ती आपल्याकडे रुजली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. पण कॅमेरा महाग, तो साहेबांच्या आणि श्रीमंतांच्या हातात. गोरगरिबांचे फोटो निघाले ते बहुधा दुसऱ्यांच्या कामासाठी. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यात हिंदुस्थानातल्या अनेक जाती-जमातींच्या माणसांचे फोटो आहेत. बहुतेक फोटोंखाली त्या माणसाची जात किंवा जमात आहे. त्याचे नाव नाही. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला तो माणूस कुणाचा बाप, कुणाचा भाऊ होता, हे शोधायला आता काही मार्ग नाही.

नंतर गावोगावच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ आले. लग्न ठरवायला मुलीचा फोटो, नोकरीच्या अर्जाला मुलाचा फोटो, म्हातारपणी तसबिरीसाठी जोडीचा फोटो. स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर रंगवलेली बाग असायची. त्यात कारंजे, कठडा, कधीही न पाहिलेली फुले आणि बाजूच्या तिवईवर प्लॅस्टिकचा गुच्छ. जिच्या घरामागे खरी बाग फुललेली होती ती बाई त्या खोट्या बागेसमोर दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसायची. तो फोटो चार मैल चालत जाऊन काढलेला असायचा, म्हणून आपण तो जपावाच. पण तिच्या खऱ्या बागेतही तिचा एक फोटो असावा, असे मला फार वाटते.

वर्तमानपत्रांचेही पाहा. उन्हाळा आला की हंड्यांच्या रांगेचा आणि भेगाळलेल्या जमिनीचा फोटो छापून येतो. तो खोटा नसतो. टंचाई खरीच आहे आणि ती दिसलीच पाहिजे. पण तो हंडा घरी पोचल्यावर त्यातल्या पाण्याचे पुढे काय होते, त्या पाण्यावर बाई घरामागे काय पिकवते, हा फोटो कुणी काढत नाही. बाहेरचा माणूस तिथवर येत नाही. तो फोटो घरच्याच माणसाने काढायचा आहे.

संध्याकाळच का?

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मुंबईला साधारण मेच्या मध्यावर आणि नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. अशा उन्हात फोटो काढला तर कपाळ चकाकते, डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो आणि माणूस थकलेला, रागावलेला दिसतो. पानेही उन्हाने मलूल झालेली असतात.

संध्याकाळी हे सगळे बदलते. सूर्य खाली आला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. सावल्या लांब आणि मऊ होतात. दुसरे म्हणजे मे महिन्यात सूर्य नेमक्या पश्चिमेला न मावळता थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो. ज्या घराचे तोंड पूर्वेला आहे त्याच्या परसदारी हे ऊन सरळ येते, आणि थंडीत ज्या उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवत नाही तिलाही तिरपे लागते. मुंबईकडे मेच्या मध्यात सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास मावळतो, नागपूरकडे वीसेक मिनिटे आधी. त्याच्या आधीचा पाऊण तास आणि मावळल्यानंतरची वीस मिनिटे ही कामाची वेळ समजा.

तिसरे कारण फुलांचे. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. दुधीची आणि पडवळाची पांढरी फुलेही संध्याकाळचीच. गुलबक्षी चार-पाच वाजता उघडते, मोगऱ्याची कळी अंधार पडता पडता फुटते. कारले आणि घोसाळे मात्र सकाळी फुलतात, त्यांच्यासाठी पहाटे उठावे लागेल. म्हणजे दुपारी बाग पाहून "काही नाही हो तिथे" म्हणणाऱ्याने संध्याकाळी परत जाऊन पाहावे.

आणि चौथे कारण सगळ्यात महत्त्वाचे. उन्हात घातलेले पाणी वाफ होऊन जाते, म्हणून उन्हाळ्यात बागेला पाणी द्यायची वेळ संध्याकाळची. ती बाई तेव्हा आपणहून तिथे असते. तिला मुद्दाम उभे करावे लागत नाही.

फोटो काढताना

मी काही छायाचित्रकार नाही. पण गेली काही वर्षे आमच्या मंडळातली तरुण मुले आणि मी गावोगाव असे फोटो काढत आहोत. त्यातून जे समजले ते थोडक्यात देतो.

मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच आधी धोतराच्या नाहीतर पदराच्या मऊ कापडाने पुसा. खिशातल्या घामाने आणि बोटांच्या तेलाने ती नेहमी धुरकट झालेली असते. निम्मे फोटो त्यामुळेच बिघडतात.

पहिला फोटो सगळ्या बागेचा काढा. मागच्या दारात उभे राहून एक आणि कुंपणाकडून घराकडे पाहत दुसरा. त्यात बादल्या, मोडकी खुर्ची, वाळत घातलेली गोधडी आली तर येऊ द्या. आवराआवर करू नका. फुटक्या घमेल्यातला पुदिना हीच तर तिची कल्पकता आहे, ते बाजूला केले तर फोटोत राहिले काय?

नंतर एकेका झाडाचा फोटो. जमिनीजवळच्या अळूसाठी खाली बसा, वेलासाठी वेलाइतके उंच व्हा. न्हाणीतून पाणी निघून केळीपर्यंत कसे जाते तो पाटही घ्या. बी बांधलेली चिंधी खाली काढून, उघडून, तळहातावर बी ठेवून तिचा फोटो घ्या.

मग तिचा फोटो. आधी विचारा. "माय, तुमचा एक फोटो काढू का?" असे सरळ विचारा. ती म्हणेल, "थांब, लुगडं बदलून येते." थांबा. तिला आपण कसे दिसावे हे ठरवण्याचा तिचा हक्क आहे. नव्या लुगड्यातला फोटो काढा, आणि मग तिला म्हणा, आता नेहमीसारखे पाणी घाला. कामाला लागली की पाच मिनिटांत ती तुम्हाला विसरते. तेव्हाचा फोटो तिचा खरा फोटो. ती नको म्हणाली तर नुसत्या हातांचा काढू का, असे विचारावे. तरीही नको म्हणाली तर मोबाईल खिशात ठेवावा.

आता रंगाबद्दल, कारण हा विषय आपल्याकडे नाजूक आहे. तिच्यामागे उजळ आकाश असेल तर मोबाईल आकाशाच्या बेताने प्रकाश कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. म्हणून तिला भिंतीच्या किंवा झाडोऱ्याच्या बाजूने उभे करा, म्हणजे मावळतीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल. पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावा, उजेड चेहऱ्याच्या हिशेबाने ठरतो. आणि चेहरा गोरा, गुळगुळीत करणारी जी सोय मोबाईलमध्ये असते ती बंद करा. हा दोष आजचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवत असे. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे आणि त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर, अशी ती कसोटी. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्यात नीट येत नसत आणि दोष मात्र त्यांच्या रंगाला दिला जाई. गेल्या काही वर्षांत मोबाईल बनवणाऱ्यांनी यात सुधारणा केली आहे. तरी उन्हात राबलेल्या चेहऱ्याचा खरा रंग आणि त्यावरच्या सुरकुत्या फोटोत जशाच्या तशा याव्यात, याची काळजी फोटो काढणाऱ्यानेच घ्यायची असते.

एक गोष्ट मात्र करू नका. कुणाला कीव यावी म्हणून फोटो काढू नका. फाटका पदर, रिकामा हंडा शोधत बसू नका. आणि तिला न विचारता तो फोटो गावभर पाठवू नका.

नाव लिहा, तारीख लिहा

फोटो काढून झाला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे लिहिण्याचे आहे आणि ते तिथेच, तिच्याजवळ बसून करायचे आहे. एका वहीत तिचे पूर्ण नाव लिहा. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढे पुरत नाही. माहेरचे नाव आणि माहेरचे गावही लिहा, कारण पुष्कळदा बी माहेराहून आलेले असते. गाव, तालुका, जिल्हा, दिनांक लिहा. मग एकेका झाडाचे नाव, तिच्या तोंडून जसे येईल तसे. पुस्तकातले नाव घालू नका. बी कुणी दिले, कधी लावतात, कोणत्या आजाराला कोणता पाला देतात, सगळे विचारा. वही नको असेल तर मोबाईलवर तिचा आवाज घ्या. तिच्या आवाजात तिच्या झाडांची यादी पुढे नातवंडांना ऐकायला मिळेल.

शहरात आल्यावर निवडक आठ-दहा फोटो कागदावर छापून घ्या. मोबाईल पडतो, चोरीला जातो, जुना झाला की बदलला जातो, आणि हजार फोटोंत हे आठ फोटो हरवतात. चार बाय सहा इंचांची प्रत काढायला फारसा खर्च येत नाही. प्रतीच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नाव आणि दिनांक लिहा. बॉलपेनने लिहिले तर दाबाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. त्या प्रती एका पाकिटात, ओल लागणार नाही अशा जागी, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, मुलांचे दाखले ज्या पिशवीत असतात त्याच पिशवीत. ही तिच्या कामाची नोंद आहे, तेव्हा तिची जागा महत्त्वाच्या कागदांतच.

आपल्या तरुण मुला-मुलींना हे काम सुट्टीत जरूर सांगा. एका वस्तीत पाच घरे झाली तरी एक चांगली वही तयार होते. कुणाकडे काय बी आहे ते कळते, देवघेव सुरू होते. ज्या सुनेला दुपारी वेळ नाही तिला शेजारणीकडून तयार रोप मिळू शकते. नवे घरकुल बांधताना न्हाणीचे पाणी कोणत्या बाजूला काढायचे आणि चार हात माती उघडी ठेवायची की सगळीकडे फरशी घालायची, याचा विचार जुन्या बागेचे फोटो समोर ठेवून करता येतो.

हे काम पाऊस पडण्यापूर्वी करा. जूनमध्ये बाग आपोआप हिरवी होते, तेव्हा तिचे कौतुक सगळेच करतात. पाणी नसतानाची हिरवळ ही तिची स्वतःची कमाई असते.

छापलेली पहिली प्रत तिच्या हातात द्या. ती म्हणेल, "मला काय करायचंय, तुमच्याजवळच ठेवा." तरी द्या. आणि फोटो काढून झाल्यावर लगेच निघू नका. तिच्या हातातली बादली घ्या आणि राहिलेल्या झाडांना पाणी घालून मगच मोबाईलमधले फोटो पाहत बसा.